बिनआंबटाचं घर

माझी मावशी व्हिनेगरच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची. तेहतीस वर्षं तिने हेच काम केलं. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात खळीचा ब्रश, आणि लेबल बसलं की त्यावरून अंगठ्याची एक फिरकी. तिथल्या बायका तिला चिकटबाई म्हणायच्या. नव्याने लागलेल्या मुलींना वाटायचं, बाई खर्चाला चिकट असणार. मग जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या डब्यातलं अर्धं त्यांच्यापुढे सरकवायची आणि त्यांचा गैरसमज तिथेच मिटायचा.

तिच्या कपड्यांना, केसांना, पर्समधल्या रुमालालासुद्धा आंबट वास असायचा. घरात मात्र आंबट म्हणून औषधालाही सापडलं नसतं. लिंबू नाही, दही नाही, संत्रं नाही. टोमॅटो आलाच तर पिकून मऊ झालेला, आणि त्यातही ती चिमूटभर साखर घालायची.

मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली आणि मावशीने मला आपल्याकडे आणलं. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी शेजारणीकडून अर्धं लिंबू मागून घेतलं आणि मीठ लावून चोखत दारात उभी राहिले. मावशी कामावरून येत होती. मला पाहिलं आणि ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलीच. रागावली नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिली. मागून तिचा नवरा, म्हणजे माझे काका आले. त्यांनी माझ्या हातातलं लिंबू काढून घेतलं, कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकलं आणि घरी येऊन हात धुतले. पुसले, आणि पुन्हा धुतले.

काका त्याच कारखान्यात बाटल्यांची लाकडी खोकी ठोकायचे. तोंडात खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे खिळे नसतानाही ओठ मिटलेले. माणूस अतिशय भला. मला सायकल शिकवली, माझ्या चपला शिवून आणल्या, तापात रात्रभर पाय चेपले. पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. मावशीच्या हातात त्यांनी कधी खाण्याची वस्तू दिली नाही. बाजारात फळवाल्याने पिशवी पुढे केली तर ते मागे सरायचे आणि पिशवी मावशीकडे जायची. ताट वाढायची वेळ आली तर ते माझं वाढायचे, स्वतःचं वाढायचे, तिचं नाही. एकदा मावशी आजारी होती तेव्हा मी त्यांना म्हटलं, हा पेजेचा वाडगा तेवढा तिला नेऊन द्या. ते म्हणाले, "माझ्या हातून नको. तू दे." मला वाटलं, दोघांचं काही बिनसलं असेल. मोठ्या माणसांचं बिनसतं, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं.

दुसरी गोष्ट मावशीची. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून एक बुटकं स्टूल होतं. त्यावर कुणी बसायचं नाही, असा नियम होता. नियम कुणी सांगितला नव्हता. मी बसले की मावशी काहीतरी काम काढून मला उठवायची, एवढंच. साडेतीनला कारखान्याचा भोंगा व्हायचा, चारला ती घरी यायची, आणि स्वयंपाकघरात शिरताना त्या स्टुलाशी आली की साडी आवरून घ्यायची आणि अंग चोरून, जरा तिरकं पाऊल टाकून आत जायची. खाली बसलेल्या कुणाला पाय लागू नये म्हणून आपण जातो ना, तशी. बाकीच्या वेळी सरळ जायची. फक्त चारच्या सुमाराला, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन त्या उंबऱ्यापर्यंत आलेलं असताना. मी लहान होते, मीही तशीच जाऊ लागले. का, ते विचारलं नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना काका गेले. दुपारी खोकं ठोकता ठोकता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मावशीने महिनाभर सुट्टी घेतली आणि परत लेबलं चिकटवायला लागली.

माझं लग्न झालं. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करतो, आठ-आठ महिने घराबाहेर असतो. मला दिवस गेले तेव्हा तो समुद्रावरच होता. घरी एकटी राहण्यापेक्षा माझ्याकडे ये, असं मावशीनेच सांगितलं. माझी खोली तिने झाडून ठेवली होती, पलंगाखाली पाय ठेवायला पाट ठेवला होता. उत्साहाने कामाला लागली होती. पण माझ्या पोटाकडे ती बघत नव्हती. बोलताना नजर माझ्या खांद्यावर, नाहीतर भिंतीवर.

तिसऱ्या महिन्यात मला डोहाळे लागले, आणि ते नेमके आंबटाचे. साधेसुधे नाहीत. आंबटाचं नुसतं नाव काढलं की जिभेखाली पाणी सुटायचं. मावशी कामावरून आली की मी तिच्या पदराचा वास घ्यायला मिळावा म्हणून उगाच तिच्याजवळ घुटमळायचे. शेवटी पाचव्या महिन्यात राहवेना. मी लिंबं आणली आणि शिलाई मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांच्या मागे लपवली. मावशी कारखान्यात असताना एक एक कापून चोखायची, साली कागदात गुंडाळून बाहेर नेऊन टाकायची. सव्विसाव्या वर्षी मी चोरून खात होते, याचं माझं मलाच हसू यायचं.

एके दिवशी दुपारी मी खोलीत पडले होते. हातात काही नव्हतं, तोंडातही नव्हतं. आणि स्वयंपाकघराच्या बाजूने चोखल्याचा आवाज आला. आंबट जिभेला लागल्यावर जीभ टाळूला लावून सोडतो, तसा. एकदा, थांबून पुन्हा एकदा. मी उठून गेले. उंबऱ्यावर ऊन आलं होतं. स्टुलावर कुणी नव्हतं. मी स्वतःशी म्हटलं, हा माझाच आवाज असेल, झोपेत जीभ हलली असेल. असेलही. पण त्या दिवसापासून ती खोली मला एकटीची वाटेना.

लिंबं मावशीला सापडायचीच होती. तिला पांढऱ्या दोऱ्याचं रीळ हवं होतं, तिने खण उघडला. मी दारात उभी होते. ती बराच वेळ खणात बघत राहिली. मग एक लिंबू दोन बोटांत धरून वर उचललं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती खाल्लीस?"

मी म्हटलं, रोज एखादं, तीन आठवडे झाले.

ती पलंगावर बसली आणि तिने मला सांगायला सुरुवात केली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिला दिवस गेले होते, आणि असेच आंबटाचे डोहाळे होते. दिवसभर व्हिनेगरच्या वासात बसून भूक चाळवायची. काकांना ती म्हणाली, मला थोडंसं चाखायला हवं. काका मग रोज दुपारच्या सुट्टीत औषधाच्या रिकाम्या बाटलीत पिंपातलं बोटभर व्हिनेगर भरून आणायचे. ती ते पाण्यात घालून प्यायची, पावाला लावून खायची. कच्ची द्राक्षं, लिंबं, जे मिळेल ते काका आणायचे. हसायचे दोघं. आठव्या महिन्यात एके दिवशी तिच्या लक्षात आलं की पोटात काही हलत नाही. दवाखान्यात नेलं. दोन दिवस कळा दिल्या. पोर निपचित आलं. मावशीला ताप चढला होता, तीन दिवस शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा सगळं आवरलं होतं. तिने पोराचं तोंड पाहिलं नाही. मुलगा होता की मुलगी, हे तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

"पण एक ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "ग्लानीत होते, तरी ऐकू आलं. सासूबाई दाराबाहेर ह्यांना सांगत होत्या. म्हणाल्या, आंबट खाऊन खाऊन हिने पोटातल्या पोटात पोर जाळलं."

काका काय म्हणाले, ते मी विचारलं. काही म्हणाले नाहीत, असं ती म्हणाली. नंतर तेवीस वर्षं एका घरात राहिले, चांगले वागले, पण त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या दिवसापासून तिला स्वतःच्या हाताने कधी घासभर काही दिलं नाही. "मी त्यांचं पोर मारलं, मग कशाला देतील?" ती म्हणाली.

मग ती उंबऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ते तिथं बसतं. पाठ करून. काहीतरी चोखत असतं. तोंड दाखवत नाही."

मी तिच्याजवळ बसून राहिले. मला आलेला आवाज मी तिला सांगितला नाही. आजवर सांगितलेला नाही.

त्याच आठवड्यात मंगळवारी माझी तपासणी होती. दवाखाना तोच. मावशी माझ्याबरोबर यायची, पण फाटकापर्यंतच. आत पाऊल टाकायची नाही, बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायची. मंगळवारी आतल्या व्हरांड्यात एक निवृत्त नर्सबाई गरोदर बायकांना चार गोष्टी समजावून सांगायच्या. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. त्या दिवशी मी हात वर केला आणि विचारलं, आंबट खाल्लं तर बाळाला काही होतं का?

बायका हसल्या. नर्सबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बाळाला काही होत नाही. आंबट पोटात जातं, बाळ गर्भाशयात असतं, दोघांची घरं वेगळी. फार खाल्लं तर तुमची छाती जळेल, घशाशी येईल, आणि दातांवरचा थर झिजेल. म्हणून खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, लगेच ब्रश घासायचा नाही. अतीच होत असेल तर डॉक्टरांना विचारायचं. एवढंच.

बायका पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. तीस वर्षांपूर्वीची एक बाई आठवते का, म्हणून विचारलं. व्हिनेगरच्या कारखान्यातली, नवरा खोकी ठोकायचा. मला वाटलं, हजारो बाळंतपणं केलेल्या बाईला काय आठवणार. पण त्यांनी चष्मा काढला.

"पेटीवाला," त्या म्हणाल्या. "त्याने रातोरात पेटी करून आणली होती. एवढीशी. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कुठे कुसळ लागू नये म्हणून. तशी पेटी मी पुन्हा पाहिली नाही." आणि मग विचारलं, "बायको कशी आहे त्याची?"

मी म्हटलं, फाटकाबाहेर बसली आहे.

त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या. मावशीने त्यांना ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. नर्सबाई बाकावर तिच्याशेजारी बसल्या, आपण कोण ते सांगितलं, आणि तिचा हात हातात घेतला. मी समोर उभी होते. रस्त्यावरून माणसं जात होती, एक हातगाडी आमच्यापाशी थांबून पुढे गेली.

"बाई, तुमच्या बाळाच्या नाळेला गाठ पडली होती," नर्सबाई म्हणाल्या. "बाळ पोटात फिरतं, एखाद्या वेळी नाळेच्या वेढ्यातून आरपार जातं आणि गाठ बसते. तुमची घट्ट ओढली गेली. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, या बोटांनी चाचपली. खाण्याचा त्यात काही संबंध नव्हता. तुम्ही काही केलं नव्हतं आणि करण्यासारखंही काही नव्हतं."

मावशीने विचारलं, हे मला कुणी का सांगितलं नाही.

नर्सबाईंनी खाली मान घातली. त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी, गाठ दाखवून. पण सासूबाई आदल्या दिवशीच मुलाला बोलून मोकळ्या झाल्या होत्या. त्या रडल्या, आणि म्हणाल्या, आता मी कोणत्या तोंडाने सांगू. नर्सबाईंना वाटलं, आज ना उद्या घरी सांगतील. "मी स्वतः सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तापात होतात, मग माझी पाळी बदलली, आणि राहून गेलं. ही चूक माझी."

मावशी म्हणाली, सासूबाई शेवटच्या आजारात, मी या घरी येण्यापूर्वी, शेजारून आलेल्या संत्र्याच्या रसाचा पेला तिच्यापुढे धरायच्या. तू घे आधी, म्हणायच्या. रोज. मावशीला वाटायचं, टोचून बोलायची ही नवी तऱ्हा. तिने तो पेला एकदाही घेतला नाही.

त्यानंतर तिने तो प्रश्न विचारला. "काय होतं?"

"मुलगी," नर्सबाई म्हणाल्या. "केस भरपूर होते. काळेभोर, ओले."

मावशी तीस वर्षं 'ते' म्हणत होती. त्या बाकावर बसून तिने पहिल्यांदा 'ती' म्हटलं. "ती," एवढंच, आणि थांबली.

घरी परतताना ती माझा हात धरून चालत होती. मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "ह्यांना माहीत नव्हतं. ते दाराबाहेर होते. त्यांनी फक्त सासूबाईंचं ऐकलं." तिला वाटत होतं की काका मनातल्या मनात तिला दोष देत गेले. तेव्हा मी तिला पेजेच्या वाडग्याची गोष्ट सांगितली. काका 'तिला देणार नाही' म्हणाले नव्हते. 'माझ्या हातून नको' म्हणाले होते. व्हिनेगरची बाटली रोज कुणी भरून आणली होती? लिंबं, द्राक्षं कुणी आणली होती?

मावशी भर रस्त्यात उभी राहिली. तेवीस वर्षं दोघं एका ताटाच्या अंतरावर बसून जेवली होती. तिला वाटत होतं आपण मारलं, त्यांना वाटत होतं आपण मारलं, आणि एकमेकांच्या गप्प राहण्याला दोघंही शिक्षा समजत होती.

"आता त्यांना कोण सांगणार?" ती म्हणाली.

मला वाटलं होतं, खरं कळलं की तिचं मन हलकं होईल. तसं झालं नाही. पहिले काही दिवस ती चारला घरी यायची आणि उंबऱ्यापाशी उभी राहायची. मग एक दिवस साडी न आवरता सरळ चालत आत गेली, आणि आत जाऊन ओट्याला धरून रडली. मी धावत गेले. ती म्हणाली, आता ती येत नाही. तीन दिवस झाले. "मुलगी म्हटलं, केस म्हटलं, आणि उठून गेली बघ. निदान पाठ तरी दिसत होती." काका गेल्याचं रडणं ती माझ्यापुढे कधी रडली नव्हती. ते आणि हे, दोन्ही त्या दिवशी एकत्र आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या पोटातलं बाळ मात्र जोरात लाथा मारत होतं, आणि ते तिला माझ्या अंगाला टेकल्याने जाणवलं. पहिल्यांदा तिने माझ्या पोटावर हात ठेवला.

मला मुलगा झाला. धट्टाकट्टा, रडका, टक्कल घेऊन आलेला. माझ्या दोन दाढा मात्र किडल्या, चूळ भरायला मी फार उशिरा शिकले होते. बाळंतपणाच्या वेळी मावशी दवाखान्याच्या आत आली, खोलीपर्यंत आली, आणि नाळ कापून झाल्यावर नर्सला म्हणाली, मला जरा बघू द्या. नर्सला ते विचित्र वाटलं. पण तिने दाखवली. मावशीने खाली वाकून, बोट न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. त्याआधी दोन महिने तिच्या शेजारच्या जागेवर एक नवी मुलगी लागली होती, पाचव्या महिन्यातली. टेबलाखाली पिशवी ठेवून हळूच हिरवी द्राक्षं तोंडात टाकायची. मावशीने आठ दिवस पाहिलं. मग तिच्या ब्रशमध्ये खळ घालता घालता म्हणाली, खा, पण नंतर चूळ भर. मुलगी घाबरली, म्हणाली, घरी सांगू नका, सासूबाई म्हणतात आंबटाने पोर जळतं.

त्या दिवशी भोंगा झाल्यावर मावशी घरी आली नाही. ती त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेली. कुणाच्या घरी न बोलावता जाणारी माझी मावशी नव्हे. पण गेली, त्या सासूबाईंसमोर खुर्चीवर बसली आणि आपली सगळी हकीकत सांगितली. नाळेची गाठ, पेटी, काकांचे रिकामे हात. काही गाळलं नाही. तिला यायला उशीर झाला म्हणून मी बाळाला कडेवर घेऊन जिन्यात उभी होते. मी विचारलं, काय म्हणाल्या त्या?

"रडल्या," मावशी म्हणाली. "त्यांचंही एक गेलं होतं. चाळीस वर्षं झाली. त्यांनाही कुणी तेच सांगितलं होतं."